उष्माघात प्रतिबंध समितीचे अध्यक्ष

पालकसभेत एक वेळ अशी येते की तेव्हा माणसाने श्वाससुद्धा बेताने घ्यावा. मुख्य विषय संपलेले असतात, बार्लीच्या गार चहाचे पेले रिकामे झालेले असतात, आणि शिक्षक हळूच म्हणतात, "तर मग, यंदाच्या जबाबदाऱ्या... कोणी आपणहून पुढे येईल का?" यावर सगळे पालक एकदम आपापल्या गुडघ्यांकडे पाहू लागतात. इतकी वर्षं जवळ असून हे गुडघे कधी नीट पाहिलेच नव्हते, असा भाव प्रत्येकाच्या चेहऱ्यावर असतो. या शांततेत जो पहिला आवाज करेल तो गेला.

मोरिओ हिरानुमांना हे कुणी शिकवायची गरज नव्हती. फरशांच्या कारखान्यात, सामान्य प्रशासन विभागात, ते उपप्रमुखाच्या खुर्चीपर्यंत पोचले होते ते मुख्यतः योग्य वेळी गप्प बसून. पण त्या दिवशी घसा खवखवत होता म्हणून त्यांनी खारवलेल्या आलुबुखाराची आंबट गोळी तोंडात टाकली होती, आणि ती नको त्या क्षणी नको त्या नळीत गेली. ते खोकले. चांगलेच खोकले. शेजारच्या बाईंनी त्यांच्या पाठीत बुक्के मारले. डोळ्यांतलं पाणी पुसून त्यांनी वर पाहिलं, तेव्हा अख्खी सभा टाळ्या वाजवत होती.

"हिरानुमासान, खूप खूप आभार," मुलींच्या धावण्याच्या संघाच्या प्रशिक्षक देगुची बाई कमरेत वाकून म्हणाल्या. "उष्माघाताचं काम कोणी घेईल असं वाटलंच नव्हतं."

हे काम म्हणजे खरं तर उन्हाळाभर बर्फाच्या पेट्या वाहायच्या आणि मुलींना पाणी प्यायची आठवण करायची. दुसरा कोणीही तेवढंच करून मोकळा झाला असता. पण ज्याला न मागता मान मिळतो, तो माणूस तो मान आपल्याला शोभावा म्हणून काहीतरी जास्तीचं करायला जातो, आणि तिथेच फसतो. शिवाय गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. त्यांचं गाव डोंगरांच्या खळग्यात वसलेलं; उन्हाळ्यात वारा आत येतो, पण बाहेर जायची वाट त्याला सापडत नाही. आदल्या वर्षी शेजारच्या गावातली एक मुलगी सरावात कोसळली होती. वाचली, पण पुन्हा कधी धावली नाही. आणि हिरानुमांची मुलगी कोतोने याच संघाची कर्णधार होती. शाळेचं शेवटचं वर्ष, शेवटचा उन्हाळा. जुलैतल्या प्रांतिक स्पर्धेत तीन हजार मीटरला पहिल्या तिघींत आली तरच पुढे जाणार. नाही तर बूट खुंटीला टांगून अभ्यासाला बसायचं.

हिरानुमांनी रात्री जेवताना जाहीर केलं, "मनगटी पट्टे आणायचे."

"कसले?" चिझुकोने, म्हणजे त्यांच्या बायकोने, विचारलं.

"घड्याळासारखे असतात. हृदयाचे ठोके, घाम, अंगातली उष्णता, सगळं मोजतात. आधी निळा, मग पिवळा, मग लाल. लाल झाला की पट्टा वाजतो आणि माझ्या फोनवर नाव येतं. माणूस पडायच्या आधीच कळतं."

"बाबा, आम्हाला गरम होतंय ते आम्हालाही कळतं," कोतोने म्हणाली.

"नाही कळत. तेच तर! डोक्याला ऊन लागलं की आधी अक्कल जाते, मग माणूस. त्याला वाटतं आपण ठणठणीत आहोत." हे त्यांनी माहितीपत्रकात वाचलं होतं आणि पुढचे दोन महिने ते हे वाक्य भेटेल त्याला ऐकवत होते. आता कोणी त्यांच्यासमोर ते उच्चारलं तर ते विषय बदलतात.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही, आणि बातमीच्या मागोमाग सल्ले आले. पलीकडच्या नाकागोमे बाई, ज्यांची रिना याच संघात होती, त्या म्हणाल्या की मानेला ओलं फडकं आणि खारवलेली काकडी, याच्यापुढे सगळी यंत्रं फिकी. कोपऱ्यावरचे त्सुकुदा आजोबा तर हातात खुरपं घेऊनच आले.

"आमच्या वेळी पाणी मागितलं की मास्तर आणखी फेऱ्या मारायला लावायचे. आणि बघ, आम्ही आहोत की नाही जिवंत?"

"सगळे आहात?" हिरानुमांनी विचारलं.

आजोबांनी थोडा वेळ खुरप्याकडे पाहिलं. "कावासुमी नाही," ते म्हणाले. "पण तो मुळातच अशक्त होता."

पट्ट्यांचा खर्च शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळाने उचलला, आणि हिरानुमांना वाटलं की झालं, घोडं गंगेत न्हालं. पण घोडं अजून उपमुख्याध्यापक वाकुईंच्या टेबलापर्यंतही पोचलं नव्हतं. वाकुई सर सज्जन गृहस्थ. आयुष्यात त्यांनी कशालाही 'नाही' म्हटलेलं नव्हतं. ते फक्त दातांच्या फटीतून आत हवा ओढायचे, आणि समोरच्याने काय ते समजून घ्यायचं.

"स्स्स... शाळेचा नियम आहे, हिरानुमासान. मनगटावर शोभेची वस्तू नको."

"पण ही शोभेची नाही, सर. जीव वाचवायची आहे."

"ते खरंच. पण दिसायला शोभेची दिसली तर?"

हिरानुमांनी पट्टा टेबलावर ठेवला. दोघांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. करड्या रंगाचा, जाडजूड, नळाला गळती लागल्यावर गुंडाळतात तसला.

"नाही शोभत," वाकुई सरांनी मान्य केलं. आणि मग पुन्हा हवा ओढली. "पण हा वर छापलेला नंबर? मुली नंबर लावून फिरताहेत म्हणजे... गावातले लोक म्हणतील, शाळा आहे की तुरुंग?"

तेव्हा नंबर आतल्या बाजूला, मनगटाला टेकेल असे चिकटवायचे ठरले. हिरानुमांनी एक अख्खा रविवार जुने नंबर खरवडण्यात आणि नवे चिकटवण्यात घालवला. एक नंबर स्वतःचा. कारण अध्यक्षानेच पट्टा घातला नाही तर मुली का घालतील? कोतोनेचा सात. बाहेरून मात्र सगळे पट्टे जुळ्या भावंडांसारखे सारखे.

मग नगर कार्यालय. तिथल्या शिक्षण विभागाने विचारलं, हे उपकरण वैद्यकीय आहे का? असेल तर आरोग्य विभागाकडे जा. आरोग्य विभागाने विचारलं, हे खेळाचं आहे का? असेल तर शिक्षण विभागाकडे जा. दोन्ही विभाग एकाच लांबलचक व्हरांड्याच्या दोन टोकांना होते, आणि तो व्हरांडा काचेचा होता. चौथ्या खेपेला हिरानुमांच्या मनगटावरचा पट्टा पिवळा झाला. हे पाहून आरोग्य विभागातली बाई इतकी घाबरली की तिने त्यांना बसवून पाणी दिलं आणि 'तापमापीसारखं शालेय साहित्य' असा शेरा मारून परवानगी देऊन टाकली. हा हिरानुमांचा या सगळ्या प्रकरणातला एकमेव निखळ विजय. तो इथे नोंदवून ठेवलेला बरा, कारण यापुढे तसं काही नाही.

पहिली नामुष्की सार्वजनिक स्नानगृहात झाली. पट्टा पाण्यात चालतो असं विक्रेत्याने सांगितलं होतं. हिरानुमांना ते तपासून पाहायचं होतं. कारखान्यातून दमून आल्यावर ते गरम पाण्याच्या कुंडात गळ्यापर्यंत बुडून बसले, डोक्यावर घडी केलेला टॉवेल, डोळे मिटलेले. असं सुख की बोलायची सोय नाही. आणि पट्टा बोंबलायला लागला. तो बंद कसा करायचा हे फोनवर कळतं, आणि फोन कपड्यांच्या टोपलीत. तो त्याच वेळी संघातल्या झाडून सगळ्या पालकांना कळवत होता: 'मोरिओ हिरानुमा. अतिधोका. कसरत ताबडतोब थांबवा. अंग गार करा.' पालकांनाही खबर जावी ही सोय त्यांनीच आग्रहाने करून घेतली होती.

बायकांच्या बाजूने, मधल्या भिंतीवरून, नाकागोमे बाईंचा आवाज आला. त्याही नेमक्या त्या दिवशी आल्या होत्या, आणि फोन अजून त्यांच्या हातातच होता. "हिरानुमासान! तुम्ही आहात का तिकडे? जिवंत आहात का?"

"आहे!" पाण्यातून ओरडणं भाग पडलं.

"कसरत थांबवा!"

"मी कसरत करत नाहीये!"

"मग काय करताय?"

पुरुषांच्या बाजूच्या साऱ्या माना आता त्यांच्याकडे वळल्या होत्या. या प्रश्नाला सभ्य उत्तर होतं, अगदी साधं होतं, पण ते त्यांना सुचलं नाही. बाहेर आले तेव्हा दारात तीन पालक, देगुची बाई आणि खुरपं घेतलेले त्सुकुदा आजोबा उभे होते. हिरानुमा उकडलेल्या खेकड्याच्या रंगाचे होऊन सगळ्यांसमोर वाकले, आणि वाकताना पट्टा परत वाजला.

दुसरी नामुष्की जास्त लागली, कारण ती दुसऱ्याच्या लेकीची होती. पट्टे घालून मुलींचा सराव सुरू झाला आणि दर दिवशी ठरावीक वेळी रिना नाकागोमेचा पट्टा लाल होऊ लागला. ती तर तेव्हा सावलीत बसून पाय ताणत असे. हिरानुमा बर्फ घेऊन धावत जायचे, रिना म्हणायची काही नाही हो काका, आणि ते म्हणायचे, "तेच तर! माणसाला वाटतं आपण ठणठणीत आहोत!" शेवटी त्यांनी संघातल्या सगळ्या पालकांना सविस्तर कळवलं: रिनाचं हृदय रोज संध्याकाळी पाच वाजता, उंच उडीचा संघ मैदानावर आला की, विनाकारण जोरात धडधडतं; डॉक्टरांना दाखवावं.

संदेश गेला, आणि क्षणभराने चिझुकोने तो वाचून कपाळावर हात मारला. "अहो, उंच उडीच्या संघात तो लांब पायांचा शिमोदा आहे ना?"

"आहे. त्याचा काय संबंध?"

चिझुकोने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. वीस वर्षांच्या संसाराचं सार त्या नजरेत होतं.

गावातल्या प्रत्येक घरात तोवर हे वाचून झालं होतं. रिना दोन दिवस शाळेत आली नाही. हिरानुमा गोड घावनांची पेटी घेऊन नाकागोमेंच्या दारात गेले, उंबऱ्यावर कपाळ टेकवून आले. रिनाच्या वडिलांनी पेटी घेतली, आभार मानले, आणि म्हणाले, "त्या मुलाचा पट्टा आहे का हो तुमच्याकडे? त्याचाही लाल होतो का, तेवढं बघायचं होतं."

त्यानंतर मुली पट्ट्याला 'चुगलखोर' म्हणू लागल्या. सराव चालू असताना कुठेही काही वाजलं की साऱ्याजणी हसत, आणि हिरानुमांचा फोन थरथरला की ते तो घाईने खिशात कोंबत. त्यांनी सगळ्या पट्ट्यांचा आवाज बंद केला. पालकांना जाणारी खबरही बंद. फक्त त्यांच्या एकट्याच्या फोनवर, गुपचूप. लाजेने माणूस शहाणा होतो असं म्हणतात. हिरानुमा फक्त गुपचूप झाले.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी आठालाच डांबर मऊ पडलं होतं. स्वयंपाकघरात ओट्यावर दोन पट्टे चार्ज होत होते. कोतोने एक पट्टा घेऊन, भाताचे गोळे पिशवीत टाकून पळाली; चिझुकोने उरलेला हिरानुमांच्या मनगटावर बांधला.

"टाय काढा हो. होरपळून मराल."

"क्रीडा महासंघाचे निरीक्षक येणार आहेत. ते पट्ट्यांची पाहणी करतील. अध्यक्षाने नीट दिसायला नको?"

पूर्ण बाह्यांचा शर्ट, पट्टा बाहीखाली झाकलेला, टाय, छातीवर समितीचा बिल्ला. अशा थाटात हिरानुमा मैदानाच्या कडेला, भर उन्हात उभे राहिले, कारण सावलीतून फोनचा पडदा दिसे पण धावपट्टीची वळणं दिसत नसत. पाणी ते मुद्दाम प्याले नाहीत. प्यालं की जावं लागतं, आणि जाऊन येईपर्यंत काही झालं तर? मुलींना मात्र ते मिनिटामिनिटाला पाजत होते. निरीक्षक आले, पट्टा पाहिला, "छान, छान" म्हणाले आणि तंबूत जाऊन पंख्यासमोर बसले.

तीन हजार मीटरच्या वेळेपर्यंत हिरानुमांचं डोकं दुखू लागलं होतं. त्यांनी ते काळजीवर ढकललं. पाय जड झाले होते, ते वयावर. मुली रेषेवर उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी फोन पाहिला. स्वतःच्या नावापुढे निळा रंग बघून त्यांना समाधान वाटलं. एवढ्या धामधुमीत आपण किती शांत आहोत! आणि कोतोनेच्या नावापुढे मात्र पिवळा. नुसती उभी आहे, अजून पळायचीय, आणि पिवळा?

बार उडाला. कोतोने चौथ्या जागी, मग तिसऱ्या, पुढच्या दोघींच्या खांद्याला खांदा लावून. हिरानुमांना एकीऐवजी मधूनच दोन कोतोने दिसू लागल्या, पण त्यांची नजर फोनवर जास्त होती. त्यांचं स्वतःचं नाव आता पिवळं झालं होतं. होणारच, बापाचं काळीज आहे. आणि तिचं लाल. गडद, न हलणारं लाल.

'पुन्हा चुगलखोर असेल,' त्यांच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे. स्नानगृह आठवलं. रिना आठवली. भर स्पर्धेत, निरीक्षकांच्या समोर आपण बोंब ठोकली आणि ती खोटी निघाली तर? या विचारात त्यांनी एक अख्खी फेरी जाऊ दिली. ती फेरी नंतर त्यांच्या मनातून कधी गेली नाही. पोरगी मरतेय की काय हे समोर दिसत असताना, लोक हसतील म्हणून बाप गप्प उभा होता.

मग शेजारच्या गावातली ती मुलगी डोळ्यांसमोर आली, आणि हिरानुमा पळत सुटले.

दोरीखालून, झेंडा घेतलेल्या पंचाला चुकवून, ते सरळ धावपट्टीवर गेले. शेवटच्या फेरीची घंटा वाजत होती. कोतोने वळणावरून येत होती, तोंड घट्ट मिटलेलं, डोळे पुढच्या दोघींच्या पाठीवर. त्यांनी दोन्ही हात पसरून तिला धरलं. "थांब!" ते ओरडले, किंवा ओरडलो असं त्यांना वाटलं. "थांब, बाळ! तू लाल झालीयेस!"

तिचा चेहरा त्यांना आठवतो. त्यापुढचं काही आठवत नाही.

शुद्ध आली तेव्हा वर पांढरं छत होतं आणि हाताला सलाईन.

"कोतोने?" त्यांनी विचारलं. "तिचा ताप?"

"तिला कुठला ताप," चिझुको शेजारून म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते. "लाल तुम्ही झाला होतात."

तिने मांडीवरचा पट्टा उलटा करून त्यांच्यासमोर धरला. आतल्या बाजूला, घामाने अर्धवट सुटलेला, सात नंबर होता. "ओट्यावरून तिने तुमचा उचलला. तिचा उरला, तो मी तुम्हाला बांधला. तुम्ही बघितलं नाहीत. मी तरी कुठे बघितलं?"

तेवढ्यात डॉक्टर आल्या. तरुण होत्या, आणि फार खूश दिसत होत्या. "आणखी थोडा वेळ टाय बांधून तसेच उन्हात उभे राहिला असतात, तर आपण आत्ता बोलत नसतो. धावपट्टीवर सगळ्यांसमोर पडलात तेच बरं झालं. मुलींनी लगेच बर्फात घातलं. ते उपकरण मात्र अगदी अचूक आहे हां. कोणी बसवलं हे?"

हिरानुमांनी डोळे मिटून घेतले.

मुलींनी कसं बर्फात घातलं हे त्यांना पुढे हळूहळू, निरनिराळ्या हितचिंतकांकडून कळत गेलं. शिकवलं तसंच त्यांनी केलं होतं. टाय कात्रीने कापला. शर्ट काढला. पँटही काढली, कारण 'जांघेत बर्फ ठेवायचा' हे हिरानुमांनीच त्यांच्याकडून पाठ करून घेतलं होतं. हे सारं मुख्य प्रेक्षागाराच्या समोर. "बाजारात बर्फावर मांडलेल्या ट्यूना माशासारखा दिसत होतास," त्सुकुदा आजोबा म्हणाले. "चांगल्या प्रतीच्या."

घरी आल्यावर ते चिझुकोला घेऊन माफी मागायला निघाले. पंचांकडे, महासंघाकडे, देगुची बाईंकडे, संघातल्या प्रत्येक घरी, दर ठिकाणी एक पेटी. कोणी रागावेल तर बरं, असं त्यांना मनातून वाटत होतं, पण सगळे हात हलवत म्हणत, "छे छे, तुम्ही बरे झालात हेच खूप." त्या 'छे छे'ने मनुष्य जितका जमिनीत जातो तितका शिव्यांनी जात नाही. प्रत्येक दारात एक गोष्ट मात्र त्यांच्या लक्षात आली. निरोप घेताना लोक एकदम विचारत, "आणि कोतोने कशी आहे?" आणि मग नजर चुकवत.

वाकुई सरांना मात्र हर्ष मावत नव्हता. शाळेच्या दूरदृष्टीमुळे एक जीव वाचला होता! त्यांना शाळेच्या वार्तापत्रात अध्यक्षांचा फोटो हवा होता, पट्ट्याकडे बोट दाखवताना. हिरानुमांनी दातांच्या फटीतून आत हवा ओढली. वाकुई सरांना त्या भाषेत कोणी उलट बोललं की ती कळत नसे, हे त्या दिवशी उघड झालं. फोटो छापून आला. आता दुसऱ्या शाळांतले लोक माहिती घ्यायला फोन करत, आणि हिरानुमा प्रत्येकाला प्रामाणिकपणे सांगत की उपकरण उत्तम आहे, दोष सगळा वापरणाराचा.

हे सगळं सोसता आलं असतं. घरातली शांतता सोसवत नव्हती. कोतोने "जाते" म्हणे, "आले" म्हणे, जेवे, आणि वर निघून जाई. त्यांच्याकडे पाहतच नसे. तिची शर्यत तिथेच संपली होती. शेवटचा उन्हाळा संपला होता. रोज ते जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत जाऊन परत येत.

"अहो, बोला ना तिच्याशी," चिझुको म्हणे.

"काय बोलू? कोणत्या तोंडाने बोलू?"

"आहे त्याच. दुसरं आणणार कुठून?"

रविवारी सकाळी कोतोने मागच्या अंगणात नळाखाली धावण्याचे बूट धूत होती. आता ते लागणार नव्हते, तरी घासून घासून धूत होती. हिरानुमा ओसरीवर आले, गुडघे दुमडून बसले, हात पुढे टेकवले आणि कपाळ फळीला लावलं. कारखान्याच्या मालकासमोरसुद्धा ते इतके खाली वाकले नव्हते.

"कोतोने. तुझी शर्यत मी घालवली. मला क्षमा कर."

नळ बंद झाला. मग बूट जमिनीवर पडल्याचा आवाज झाला.

"उठ ना, बाबा! असं नको ना करूस!" ती रडत होती. "मीच... मी ढकललं ना तुला!"

हिरानुमांनी डोकं वर केलं. "तू?"

"तू धरलंस तेव्हा. तू माझी शर्यत घालवतोयस असं वाटलं आणि मी ढकललं तुला. सगळ्यांनी बघितलं. तू धाडकन पडलास आणि उठलाच नाहीस. मला वाटलं मी मारलं तुला!" तिने ओल्या हातांनी तोंड झाकलं. "आई म्हणाली तुला आठवत नाहीये. मग मी... मला सांगायची लाज वाटत होती."

एवढ्या दारांत ते जाऊन आले होते, आणि एकानेही हे तोंडातून काढलं नव्हतं. हिरानुमांना ती सगळी दारं आठवली, त्या सगळ्या चुकवलेल्या नजरा. इतके दिवस पोरगी त्यांच्यावर रुसलीये असं धरून ते जिन्यातून परत फिरत होते, आणि वर ती एकटी हे घेऊन बसली होती. आपल्याला आणखी लाजायला जागा उरली नसेल असं त्यांना वाटलं होतं. होती; भरपूर होती.

"डॉक्टर म्हणाल्या मी आधीच गेलेला होतो," ते हळूच म्हणाले. "तू ढकललं नसतंस तरी पडलोच असतो."

ती हुंदके देत राहिली. असल्या वेळी बापाने काहीतरी मोठं, धीराचं बोलायचं असतं. त्यांना नेहमीप्रमाणे एक कामाचा प्रश्न सुचला.

"खूप जोरात ढकललंस?"

"खूप."

"एका हाताने?"

"दोन्ही हातांनी."

हिरानुमांनी विचार केला. "शेवटच्या फेरीला एवढा जोर शिल्लक होता," ते म्हणाले, "म्हणजे दुसरी तरी आली असतीस."

कोतोनेने मनगटाने नाक पुसलं.

"पहिली," ती म्हणाली.

हिरानुमांनी पुन्हा कपाळ फळीला टेकवलं. या वेळी तिने त्यांना उठवलं नाही.